वगळलेले सतरा

"हेमा, तुझ्या त्या पट्टीचा लाल दिवा लागतो तरी कधी गो?"

फोन उचलल्या उचलल्या पलीकडून अक्काने हेच विचारलं. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. हेमांगी तेंडोलकर त्या वेळी मुंबईतल्या आपल्या कार्यालयात परवान्यांच्या फायली तपासत बसली होती. राज्य खेळगृह नियमन प्राधिकरणाची ती तांत्रिक सदस्य. राज्यात जिथे म्हणून कायदेशीर कॅसिनो होता, तिथल्या प्रत्येक यंत्राची तपासणी होऊन तिची सही पडल्याशिवाय एकही डाव सुरू होत नसे.

"कधी म्हणजे? माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटायला लागला की लागतो. का गं?"

"मग तुझ्या भावजींचा अकरा महिन्यांत एकदाही कसा नाही लागला?"

हेमांगीला पहिल्यांदा वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "भावजी? भावजी कॅसिनोच्या जहाजावर जातात?"

"रोज. सकाळी दहाच्या लाँचने. मी डबा करून देत होते, हेमा. बंदरावर मोठ्या इंजिनाचं काम निघालंय म्हणून सांगायचे. काल दोन माणसं टेप घेऊन वर्कशॉप मोजायला आली. तेव्हा कळलं, ते कधीच विकून झालंय. मागचं घरसुद्धा."

अक्का रडत नव्हती. तिचा आवाज शाळेत हजेरी घेताना असायचा तसा सपाट होता. हेमांगीला तेच जास्त लागलं.

दिगंबर नाबर, म्हणजे हेमांगीचे भावजी, वेंगुर्ल्याच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करत. आई गेली तेव्हा हेमांगी नऊ वर्षांची होती, वडील त्याआधीच गेलेले. अक्काचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ती माहेरी आली आणि धाकट्या बहिणीला हाताला धरून सासरी घेऊन गेली. घरात कोणी काही बोलायच्या आत भावजींनी पडवीत एक टेबल आणून ठेवलं आणि म्हणाले, "हे हेमाचं, अभ्यासाला." त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. हेमांगी शाळा सुटली की वर्कशॉपमध्ये जाऊन बसायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून भावजी आतला आवाज ऐकत आणि मग तिच्या कानाला लावत. "कुठला व्हॉल्व्ह तक्रार करतोय सांग बघू." ती सांगायची. बरोबर आलं की ते नुसती मान हलवायचे. कौतुक करायचा त्यांचा तेवढाच रिवाज होता. हेमांगी पुढे जैववैद्यक अभियांत्रिकीला गेली, माणसाच्या शरीरातले आवाज ऐकायला शिकली, त्याची सुरुवात तिथली होती.

असा माणूस रोज सकाळी डबा घेऊन जुगार खेळायला जातो, हे तिच्या डोक्यात शिरेना. शिवाय पट्टी होती ना!

ती पट्टी मनगटावर बांधायची, घड्याळाएवढी. कॅसिनोत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला कायद्याने सक्तीची. तिच्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. माणूस जुगारात अडकतो तो जिंकण्यामुळे नाही, जिंकता जिंकता राहिल्यामुळे. तीन सारखी चित्रं हवी असताना दोन येतात, तिसरं आल्यासारखं होऊन एक घर पुढे सरकतं. मेंदू ही हार मानतच नाही, 'आता आलंच होतं' म्हणून नोंदवतो आणि पुन्हा हात पुढे करायला लावतो. हे जुनंच ज्ञान. नवा शोध दहा वर्षांपूर्वीचा होता. निरोगी माणसाच्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे समान अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना अंतर किंचित कमी होतं, सोडताना किंचित वाढतं. माणसाला खुर्चीवरून उठायचं असेल तर उठता येतं, तोवर ही हलकी वरखाली जिवंत असते. उठण्याची शक्ती विरघळू लागली की ती सपाट होते, आणि पाठोपाठ तळहाताला विशिष्ट क्रमाने घाम सुटतो. या दोन खुणा एकत्र दिसल्या की समजावं, सुमारे सात मिनिटांनी हा माणूस स्वतःहून थांबू शकणार नाही. पट्टी त्या खुणा वाचायची. दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल. लाल झाला की त्या माणसापुरतं समोरचं यंत्र बंद.

कायद्याचं एकोणिसावं कलम हेमांगीने स्वतः लिहिलं होतं. लाल दिवा लागल्यावर कॅसिनोने खेळवलेला प्रत्येक डाव बेकायदेशीर, घेतलेलं सगळं परत. मसुद्यावर चर्चा झाली तेव्हा कंपन्या आकाशपाताळ एक करतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी फारसा विरोध केला नाही. फक्त एक ओळ वाढवून मागितली. तीच पुढे पोटकलम दोन झाली: 'दिवा हिरवा असताना खेळलेला प्रत्येक डाव खेळणाऱ्याने पूर्ण शुद्धीत व स्वेच्छेने खेळला असे मानण्यात येईल आणि पट्टी सदोष असल्याखेरीज त्याविरुद्ध दाद मागता येणार नाही.' हेमांगीला ते तर्काला धरून वाटलं. लालवर विश्वास ठेवायचा तर हिरव्यावरही ठेवायला हवा. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वेंगुर्ल्यात पोचली. भावजी पडवीत टेबलफॅन उघडून बसले होते. पंख्याला काही झालेलं नव्हतं, हे तिला बघताक्षणी कळलं. हाताला काहीतरी हवं म्हणून उघडला होता.

"आलीस? बस," ते म्हणाले आणि मान खाली घालून स्क्रू गोळा करू लागले.

"भावजी, का गेलात?"

त्यांनी गोळा केलेले स्क्रू एका वाटीत टाकले. मग म्हणाले, "पहिल्यांदा खरंच त्यांचा जनरेटर बघायला गेलो होतो. काम झाल्यावर त्यांच्या माणसाने कूपन दिलं. चहा, दोन कटलेट आणि वीस डाव फुकट. एका पोरीने मनगटाला पट्टी बांधली. मी तिला म्हटलंसुद्धा, ही माझ्या मेहुणीने पास केलेली आहे."

हेमांगीने घरंगळलेला एक स्क्रू उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"सकाळी कोण असतं तिथे, माहीत आहे तुला? आमच्यासारखेच. रिटायर झालेले मास्तर, पोस्टातले, एसटीतले. गुडघे धरून लाँचमध्ये चढतात. छत्र्या, डबे. आत गारवा, पोरं आदराने बोलतात, बसा काका म्हणतात. एक-दोन महिने मी खेळायचो कमी आणि बसायचोच जास्त."

"आणि मग?"

"मग बसणं कमी झालं." त्यांनी पंख्याचं पातं उलटसुलट केलं. "तुला खरं सांगतो. मला कळत होतं. चौथ्या महिन्यात कळायला लागलं होतं, की आपण वाहत चाललोय. उठायचं म्हणून खुर्चीचा हात धरायचो. मग मनगटाकडे बघायचो. हिरवा. म्हटलं, यंत्राला आपल्यापेक्षा जास्त कळतं. हेमाची पट्टी आहे. आपल्यालाच उगाच भीती वाटतेय." ते पहिल्यांदाच तिच्याकडे बघून कसंनुसं हसले. "आयुष्यभर मीटरच्या काट्यापेक्षा आवाजावर विश्वास ठेवला गो. एकदाच काट्यावर ठेवला."

आतून अक्का पाण्याचा पेला आणि एक गोळी घेऊन आली. भावजींनी निमूटपणे गिळली.

"ही कसली गोळी?" हेमांगीने सहज विचारलं.

"बीपीची. सहा वर्षं झाली. पूर्वी छातीत धडधडायचं ना त्यांना. आता बघ कसे शांत असतात," अक्का म्हणाली.

हेमांगीने पाकीट उलटं करून औषधाचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं.

ती गोळी हृदयाला बांधून ठेवते. शरीर घाबरलं, उत्तेजित झालं, की रक्तात एक संदेश सुटतो, 'धाव' म्हणून. गोळी घेतलेल्याच्या हृदयापर्यंत तो संदेश पोचतच नाही. आत माणूस कितीही धावत असला तरी त्याच्या ठोक्यांमधली ती हलकी वरखाली तशीच, संथ. हाताला घाम येतो, पण पट्टीला दोन्ही खुणा एकदम हव्या असतात. नुसत्या घामाला ती कोकणातला उकाडा समजून सोडून देते.

हे सगळं हेमांगीला त्या पडवीत नव्याने सुचलं नव्हतं. तिला ते आठवलं होतं.

मुंबईला परतल्यावर तिने जुन्या चाचणीचा अहवाल काढला. चारशे बारा स्वयंसेवक. त्यातल्या सतरा जणांचे संकेत बाकीच्यांशी जुळले नव्हते. सगळे पंचावन्नच्या पुढचे, सगळ्यांच्या माहितीत एकाच जातीचं औषध. पानाच्या कडेला तिच्याच अक्षरात टीप होती: 'वेगळी चाचणी आवश्यक. तूर्त वगळावे.' खाली सही. पुढच्या आठवड्यात विधिमंडळाचं अधिवेशन होतं आणि त्यात कायदा यायला हवा होता. वेगळी चाचणी अधिवेशनानंतर करायची ठरली. नंतर वेंगुर्ल्याच्या जहाजाचा परवाना आला, मग आणखी दोन. तिला कोणी थांबवलं नव्हतं. कोणी काही दडपलं नव्हतं. ती विसरलीही नव्हती. ते काम तीन वर्षं 'पुढच्या महिन्यात' होतं, एवढंच.

गेलेलं परत मिळावं म्हणून अक्काने तोवर भावजींच्या नावाने अपील दाखल केलं होतं. अहवाल घेऊन हेमांगी प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे गेली. चंद्रहास पाटणकर निवृत्तीला आलेले सनदी अधिकारी होते. कंपन्यांकडून दिवाळीची मिठाईसुद्धा न घेणारा माणूस. त्यांनी टीप वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुमच्या मेहुण्यांच्या अपिलात आणायचं आहे तुम्हाला?"

"आणायला नको? पट्टी त्यांच्यावर चालतच नव्हती."

"एका माणसावर चालत नव्हती असं ठरलं की प्रमाणपत्र रद्द. प्रमाणपत्र रद्द झालं की कंपन्या दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयात जाणार. सदोष यंत्र आमच्यावर का लादता म्हणून. सगळ्या पट्ट्या उतरतील, बाई. गेल्या वर्षी किती लोकांना लाल दिव्याने घरी पाठवलं, तो आकडा तुम्हीच मला दिला होता."

"मग या लोकांचं काय?"

"नियम बदलू. शांतपणे, आतून. सहा महिन्यांत. तोपर्यंत जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. खोटं बोला असं मी कधीच सांगणार नाही तुम्हाला."

हेमांगीने अहवाल परत फाईलमध्ये ठेवला. अध्यक्षांच्या बोलण्यात तथ्य होतं. पण पुढे अनेकदा तिने स्वतःला विचारलं, की त्या वेळी आपल्याला ते पटलं कारण ते खरं होतं, की सोयीचं होतं?

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला झाली. पट्टी सदोष होती का, एवढाच एक मुद्दा अपिलाच्या पीठापुढे होता. पीठासीन अधिकारी केरकरबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. कंपनीच्या बाजूने ॲडव्होकेट मीनाक्षी वागळे, भावजींच्या बाजूने कुडाळचे पराग धुरी. कॅसिनोच्या कायद्यातला धुरींचा हा पहिलाच खटला.

सुरुवातीलाच हेमांगी उठून म्हणाली, "अर्जदार माझे मेहुणे आहेत. मी साक्ष देणं योग्य होणार नाही."

"प्रमाणपत्रावर सही आपली आहे. त्याची खातरजमा आपणच करू शकता," केरकरबाई म्हणाल्या. "अर्जदारांची काही हरकत?"

धुरींनी मागे वळून बघितलं. अक्का लगेच उभी राहिली. निळ्या काठाची साडी, हातात रुमाल. "आमची हरकत नाही. उलट तीच असू दे. तिला सगळं माहीत असतं, आणि ती खोटं बोलत नाही."

हेमांगी साक्षीच्या खुर्चीत बसली.

वागळेबाईंनी पाचच प्रश्न विचारले, अगदी सौम्यपणे. हे प्रमाणपत्र आपलं का? हो. अर्जदाराने वापरलेली पट्टी आपण तपासली का? तपासली. तिच्यात काही बिघाड? नाही. प्रमाणित नमुन्याप्रमाणेच चालत होती? हो. अकरा महिन्यांत तिचा दिवा एकदाही हिरव्याचा पिवळासुद्धा झाला नाही, ही नोंद खरी? खरी.

धुरी उठले. पट्टीची बॅटरी संपली असेल का, पट्टी सैल बांधली गेली असेल का, कंपनीने नोंदी बदलल्या असतील का, असं त्यांनी विचारलं. हेमांगीने प्रत्येकाला 'नाही' म्हटलं, आणि प्रत्येक 'नाही' खरं होतं. औषधाविषयी त्यांनी विचारलं नाही. तशी काही गोष्ट असते हेच त्यांना माहीत नव्हतं.

"आपल्याला स्वतःहून आणखी काही सांगायचं आहे?" शेवटी केरकरबाईंनी विचारलं.

तो रिवाजाचा प्रश्न होता. त्या लिहिता लिहिता विचारत होत्या. हेमांगीने समोर बघितलं. भावजी जमिनीकडे बघत होते. अक्का मात्र थेट तिच्याकडे बघत होती, शाळेतल्या हुशार मुलीने हात वर करावा म्हणून बाई बघतात तशी. हेमांगीच्या मनात सतरा माणसं आली, आणि त्यांच्या मागोमाग राज्यभरातल्या सगळ्या मनगटांवरचे लाल दिवे आले. आपली टीप आणि खालची आपली सही, हेही आलंच. यातल्या नेमक्या कशाने तोंड बंद केलं, हे तिला आजही सांगता येत नाही.

"नाही," ती म्हणाली.

निकाल अर्ध्या तासात लागला. पट्टी निर्दोष, पोटकलम दोन लागू, अपील फेटाळलं.

बाहेर आवारात अक्का तिच्याजवळ आली. हेमांगीला वाटलं, आता बोलेल. अक्काने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू तरी काय करणार? विचारलं त्याचं खरं ते सांगितलंस. आमच्यासाठी खोटं बोलली असतीस तर मला आवडलं नसतं." मग तिने पिशवीतून डबा काढला. "परतीच्या गाडीत खा. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

महिनाभराने त्यांनी वेंगुर्ला सोडलं. मालवणात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भावजी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागले. मालक त्यांच्या निम्म्या वयाचा होता. हेमांगी दर आठवड्याला फोन करायची आणि अक्का नेहमीसारखं बोलायची. तिच्या बोलण्यात राग असता तर ते सोपं झालं असतं.

हेमांगीने झपाटल्यासारखी ती वगळलेली चाचणी केली. पूर्वीच्या सतरांपैकी पंधरा जण शोधून काढले. दोघे सापडले नाहीत. सात महिन्यांत दुरुस्ती मंजूर झाली: अशी औषधं घेणाऱ्यांना वेगळी पट्टी, आणि तिची चाचणी पूर्ण होईपर्यंत प्रवेश बंद. अध्यक्षांनी शब्द पाळला होता. फक्त राजपत्रात शेवटी नेहमीचं वाक्य होतं, की ही दुरुस्ती प्रसिद्धीच्या तारखेपासून पुढे लागू राहील.

राजपत्राची प्रत घेऊन ती मालवणला गेली. आधी वर्कशॉपमध्ये. भावजी एका बोटीच्या इंजिनाखाली झोपले होते. बाहेर आले, हात पुसले, कागद वाचला. दोनदा वाचला.

"म्हणजे गोळीमुळे," ते म्हणाले.

"हो."

"हे तुला कधी कळलं?"

तिला 'आत्ता चाचणीत' असं म्हणता आलं असतं. कागदावर तेच लिहिलेलं होतं. "तुमच्या पडवीत, भावजी. अक्काने गोळी आणली तेव्हा. पण तसं तर त्याच्याही आधीपासून."

भावजींनी कागदाची घडी केली. ते चिडले नाहीत. बाजूच्या पिंपावर बसले. "म्हणजे ओरोसला तुला माहीत होतं."

"हो."

"तुझ्या अक्काला सांगू नको," ते हळूच म्हणाले. "वर्कशॉप गेलं, घर गेलं, माझ्यावरचा विश्वास तर गेलाच. तिच्याकडे आता तूच उरली आहेस. तेवढं राहू दे."

हेमांगी 'बरं' म्हणाली. घराकडे जाताना वाटभर तिने तेच ठरवलं होतं. अक्काने तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं केलं होतं. समोर बसून वाढता वाढता ती म्हणाली, "इथल्या बायका विचारतात, बहीण एवढी मोठी साहेब असून काही करू शकली नाही? मी सांगते, ती खऱ्याच्या बाहेर जाणारी नाही. तिचा आम्हाला अभिमान आहे."

हेमांगीने ताट बाजूला सारलं. तिने हात धुतला आणि सगळं सांगितलं. सतरा जण, टीप, सही, गोळीचं पाकीट, अध्यक्षांचं बोलणं, तो शेवटचा प्रश्न. काही गाळलं नाही, कशाला कारणाची जोड दिली नाही.

अक्का ऐकत राहिली. मध्ये एकदा उठून तिने गॅस बंद केला. सगळं संपल्यावर म्हणाली, "हे लिहून देशील?"

"अक्का, फेरविचाराची मुदत नव्वद दिवसांची होती. कधीच संपली. तुमचं घर आता—"

"मी आमचं म्हणत नाही. त्या लाँचमध्ये तुझे भावजी एकटे चढत नव्हते. लिहून देशील का, एवढं सांग."

हेमांगीने तिथेच, अक्काच्या शाळेच्या जुन्या फुलस्केप कागदांवर लिहिलं. चार पानं झाली. अक्काने चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. दुसऱ्या पानावर एका जागी बोट ठेवून म्हणाली, "इथे 'माझ्याकडून राहून गेले' असं लिहिलंयस. राहून गेलं नाही. तू ठेवलंस." हेमांगीने ओळ खोडून पुन्हा लिहिली आणि सही केली.

"आता जा," अक्का म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. डबा दिला नाही. दारापर्यंत आली नाही.

पुढे अध्यक्ष म्हणाले होते तसंच झालं. त्या चार पानांचं प्रतिज्ञापत्र दाखल होताच कंपन्या न्यायालयात गेल्या आणि एकोणिसाव्या कलमाला पाच आठवडे स्थगिती मिळाली. त्या पाच आठवड्यांत राज्यातल्या कुठल्याच जहाजावर कोणाच्या मनगटाला पट्टी नव्हती. तेवढ्या दिवसांत ज्यांना लाल दिव्याने उठवलं असतं आणि ज्यांना कोणीच उठवलं नाही, ते लोक कोण होते हे हेमांगीला कधीही कळणार नाही. ती त्यांचाही हिशेब स्वतःकडेच ठेवते. त्यानंतर न्यायालयाने लाल दिवा कायम ठेवला आणि पोटकलम दोन रद्द केलं. मुदतीत असलेली अकरा अपिलं पुन्हा उघडली. त्यांतल्या चार कुटुंबांना त्यांचं गेलेलं परत मिळालं. नाबरांचं नाव त्या यादीत असणं शक्यच नव्हतं.

हेमांगीची चौकशी झाली. तिने काही बचाव केला नाही. पद गेलं. आता ती चिपळूणच्या एका तंत्रनिकेतनात शिकवते. मोजमापाच्या उपकरणांचा विषय आहे. मुलं नोंदवहीत न जुळणारं एखादं वाचन खोडून आणतात, तेव्हा ती वही परत करते. "खोडू नका," म्हणते. "ते का जुळलं नाही ते आधी शोधा." मुलांना ती खडूस वाटते.

अक्काला तिने तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. फोन केला तर भावजी उचलतात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ते स्वतःहूनही फोन करतात. कोणाच्या बोटीचं इंजिन कसं ठीक केलं, ते सांगतात. डॉक्टरांनी गोळी बदलल्याचं सांगतात. गेल्या रविवारी बोलणं झाल्यावर ते नेहमीसारखं 'ठेवतो' म्हणाले नाहीत.

"अक्का बरी आहे ना?" हेमांगीने विचारलं.

"बरी आहे. तुझं नाव ती काढत नाही, हेमा. पण मी काढलं, तर आता उठून आत जात नाही."